गिळलेलं

खाणावळीच्या काचेपलीकडे माझा नवरा हाड चोखत बसला होता. चांगलं जाड, नळीचं हाड. त्याचं एक टोक ओठांत धरून, डोळे मिटून, गाल आत ओढून तो त्यातला मगज खेचत होता, आणि येत नाही म्हटल्यावर हाड बशीच्या कडेवर आपटत होता. काचेमुळे मला आवाज येत नव्हता, पण तो आवाज मला पाठ आहे. हनुवटीवरून सुपाचा ओघळ आला, तो त्याने मनगटाने पुसला, मनगट चाटलं आणि पुन्हा हाडाला लागला. मी फुटपाथवर जागच्या जागी थांबले. खांद्यावर बॅग होती आणि बॅगेत कपडे होते. मी कामाला असते त्या पोहण्याच्या तलावाचं पाणी आज उपसायला काढलं होतं, म्हणून मॅनेजरने सगळ्यांना दुपारीच सोडलं, आणि मी परस्पर ताईकडे निघाले होते. तिथून नवऱ्याला फोन करून सांगायचं होतं, की मी आता परत येत नाही. भांडण नाही, तंटा नाही, तुझा काही दोष नाही. तू फार चांगला आहेस आणि मला तुझ्या चांगुलपणाची किळस येते. हे फोनवर कोणत्या शब्दांत सांगायचं, तेवढंच जुळवत मी चालले होते, आणि मध्येच हे हाड आलं.

आधी मला राग आला. अगदी साधा, बायकोला नवऱ्याचा येतो तसला राग. कारण हा माणूस घरी धड जेवतच नाही. "हल्ली मला दुपारचं काही लागतच नाही," असं गेले कित्येक महिने तो मला सांगतोय. रात्री ताट घेऊन मागच्या गॅलरीत जातो, दार ओढून घेतो, आणि चोरून दूध प्यायलेल्या मांजरासारखा आत येऊन थेट बेसिनकडे वळतो. दात घासतो, जीभ घासतो, गुळण्या करतो, त्याही आवाज न करता, म्हणजे पाणी तोंडात नुसतं धरून ठेवतो आणि हळूच सोडतो. एवढं उपाशी राहून हा वाळत कसा नाही, हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे म्हणतात, आणि माझा नवरा तर धंद्यानेच दात बनवतो.

खरंच बनवतो. कवळ्या. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे घेऊन पाठवतात आणि हा त्यांवर दात बसवतो, हिरड्यांना रंग देतो. लग्न झालं तेव्हा त्याचं अर्धं काम घरीच चालायचं. जेवणाच्या टेबलावर प्लास्टरचे जबडे वाळत पडलेले असायचे. एका जबड्यात मी पेनं खोचून ठेवायचे, दुसऱ्यात किल्ल्या. ताई पहिल्यांदा घरी आली तेव्हा दारातच थबकली. "अगं, हे घर आहे की स्मशान?" त्यावर हा म्हणाला, "स्मशानात दात लागत नाहीत, ताई. माझं गिऱ्हाईक सगळं जिवंत आहे." आणि जगाचे दात जुळवून देणारा हा माणूस स्वतः तोंड उघडं टाकून चावायचा. मचमच, फुर्रफुर्र. बोटं चाटायची, नंतर नखाने दाढेतलं काढायचं, काढलेलं न्याहाळायचं आणि परत खायचं. मला शिसारी यायची. मी म्हणायचे, "अरे, बैल बरा तुझ्यापेक्षा!" तो म्हणायचा, "बैलाला बायको नसते ना टोकायला, म्हणून तो शांतपणे जेवतो." मग मी ताट उचलून दुसऱ्या खोलीत जायचे, तो मागून ओरडायचा, माझं जेवण घालवलंस तू, आणि मी तिथून ओरडायचे, घालवलं तर घालवलं. असे आमचे दिवस बरे चालले होते.

मी पोहायला शिकवायचे. नवशिक्यांचा वर्ग माझ्याकडे होता, आणि त्यात एक रिटायर झालेले घड्याळवाले होते. सगळे त्यांना टॉवेलवाले म्हणत, कारण ते चादरीएवढा टॉवेल गळ्यात घालून यायचे. पोट सुटलेलं, तोंडात कवळी, विनोद शिळे, पण पाण्याला भ्यायचे नाहीत. पोहण्याआधी खाऊ नका, असं मी रोज बजावायचे आणि ते रोज संत्रं सोलतच दारातून आत यायचे. "मॅडम, मी तुमच्याकडून पोहणं शिकतोय, खाणं नाही." गेल्या वर्षी एका सकाळी कमरेएवढ्या पाण्यात ते एकदम खाली बसले. ते बसले आणि मी पाण्यात होते. त्यांना काठावर ओढलं, छाती दाबली, नाक चिमटीत धरलं, तोंडाला तोंड लावून श्वास दिला. पुन्हा दिला. आणि मग त्यांच्या पोटातलं सगळं माझ्या तोंडात आलं. कोमट. आंबट. संत्र्याचं, आणि त्याखाली अंड्याचं. मी थुंकले. पण थुंकायच्या आधी घशाने आपलं काम उरकलं होतं. घसा काही परवानगी मागत नाही. एक घोट आत गेला. मी तोंड पुसलं आणि परत श्वास दिला, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत देत राहिले.

ते गेले. ते खाली बसले त्याआधीच हृदय थांबलं असणार, डॉक्टर म्हणाले, याहून जास्त कुणाला काही करता आलं नसतं. मला ते तेव्हाही पटलं आणि आजही पटतं. मी सगळं बरोबर केलं होतं. त्यांची बायको मला भेटायला आली, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "शेवटचा श्वास तुम्ही दिलात हो त्यांना." आणि माझ्या मनात एवढंच होतं, की या बाईंनी जरा लांब सरकावं, यांच्या अंगाला त्या टॉवेलचा वास येतोय.

मग तोंडंच तोंडं दिसू लागली. बसमध्ये जांभई देणारी, फोनवर बोलताना ओठांच्या कोपऱ्यात फेस साठवणारी, पेन्सिल चघळणारी. माणसाच्या चेहऱ्यात एवढं मोठं ओलं भोक असतं आणि ते कुणी झाकून ठेवत नाही, याचं मला नवल वाटायला लागलं. कुणी खाताना दिसलं की आधी जिभेखाली पाणी सुटायचं, मग जबडा आवळायचा, आणि मी गटार शोधायचे. पाण्यात उतरणं बंद झालं, कारण पाण्यात शंभर तोंडं उघडी असतात. मॅनेजरने मला तिकिटाच्या खिडकीत बसवलं. ताईने एका समुपदेशक बाईंकडे नेलं. त्यांची खोली छान होती, आवाज मऊ होता आणि समोर पाण्याचा पेला होता, ज्याच्या काठावर त्यांची लिपस्टिक लागलेली होती. त्या विचारायच्या, "अपराधी वाटतं का?" मी म्हणायचे, "नाही. किळस येते." त्या मान हलवायच्या. "त्या किळसेच्या खाली काय आहे, ते आपण हळूहळू बघू या." खाली काही नव्हतं. खाली, वर, मध्ये नुसती किळस होती. पण मेलेल्या माणसाची किळस येणं ही असभ्य गोष्ट आहे. तुम्ही रडा, घाबरा, झोपेत किंचाळा, लोक तुम्हाला चहा करून देतात. किळस येते म्हणालात तर तेच लोक खुर्ची मागे घेतात. तेव्हा मी मूग गिळून बसले. त्या घोटाचं कुणालाच सांगितलं नाही. बाईंना नाही, ताईला नाही, नवऱ्यालाही नाही.

नवऱ्याला त्या बाईंनी एकट्याला बोलावून सांगितलं होतं, की तिला सांभाळून घ्या, तिला तिच्या गतीने जाऊ द्या. त्याने ते ऐकलं, आणि असं ऐकलं की विचारता सोय नाही. सुरुवातीला मी त्याच्यामुळेच तगले, हे मी नाकारत नाही. पाणीसुद्धा गिळवत नव्हतं तेव्हा तो न्हाणीघराच्या दाराबाहेर जमिनीवर बसायचा आणि वर्तमानपत्रातलं काहीबाही वाचून दाखवायचा, कुठल्या गावी किती तापमान, कुणाचा कुत्रा हरवला, आणि मी आत एक घोट पाणी तोंडात घेऊन त्या कुत्र्याचं वर्णन ऐकता ऐकता ते कधी गिळायचे, मला कळायचं नाही. त्याने ते वाचलं नसतं तर मी सलाईनवर गेले असते. पण पुढे ते थांबेचना. एके दिवशी घरी आले तर टेबलावर जबडे नव्हते. सगळे खोक्यांत भरून त्याने दुकानात नेले होते. माझी पेनं आणि किल्ल्या टेबलावर उघड्या पडल्या होत्या. मग त्याने माझ्यासमोर जेवणं सोडलं. मग बोलताना तोंडावर हात धरायला लागला, पाहुण्यांसमोर दाखवायला बसवलेल्या मुलीसारखा. मग झोपताना भिंतीकडे तोंड. घोरणं बंद झालं. घोरणारा माणूस घोरणं कसं बंद करतो? तो जागा राहत असणार. मी काहीही म्हटलं, तरी तो तळहाताआडून म्हणायचा, "तुझ्या गतीने. काही घाई नाही." प्लास्टर ओलं असताना हवं तसं वळतं, हे तोच मला सांगायचा, पण एकदा वाळलं की मग फोडावंच लागतं.

एकदा मी फोडून पाहिलं. तो इस्त्री करत होता, माझ्याच कपड्यांना. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "तुझ्या तोंडाला वास येतो."

येत नव्हता. त्याच्या तोंडाला हल्ली कसलाच वास येत नसे.

तो इस्त्री ठेवून म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. मोकळेपणाने सांगत जा असंच."

"अरे, मी खोटं बोलतेय!"

"तरी चालेल," तो म्हणाला आणि बेसिनकडे गेला. परत आला तेव्हा हिरड्यांतून रक्त येत होतं, आणि ते मला दिसू नये म्हणून त्याने ओठ मिटून घेतले होते. मिटल्या ओठांनी तो माझ्याकडे बघून हसला. त्या हसण्याची मला जी किळस आली, तिच्यापुढे संत्रं परवडलं. मी विचार केला, टॉवेलवाले निदान मेले तरी होते. हा जिवंतपणी अंग काढून ठेवतोय, आणि ते माझ्यासाठी काढतोय, म्हणजे उद्या याचं अंग गेलं तर त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर. दुसऱ्या दिवशी मी ताईला फोन केला. ती म्हणाली, "तो एवढा जपतो तुला, आणि तुला काय टोचतंय गं?" मी म्हणाले, "तेच." ती म्हणाली, "बरं, ये. मागची खोली रिकामीच आहे."

एक माणूस बादली आणि काच पुसायचा रबरी दांडा घेऊन आला आणि मला, "बाई, जरा," म्हणत खाणावळीच्या काचेवर साबणाचं पाणी मारायला लागला. पांढरा फेस पसरत गेला आणि माझ्या नवऱ्याचा चेहरा त्याखाली गेला. फेस थुंकीसारखा खाली ओघळत होता. मी वाट बघितली. आता येणार, जिभेखाली पाणी सुटणार. गटार कुठे आहे तेही मी हेरून ठेवलं, रस्त्याच्या कडेला, सायकलींच्या मागे. त्या माणसाने दांडा वरून खाली ओढला आणि त्या पट्ट्यातून नवऱ्याचं तोंड तेवढं दिसलं. पाव बुडवून खात होता. बुडवलेला पाव तोंडात जाईपर्यंत गळत होता, म्हणून तो मान पुढे काढून बशीवरच ओठ नेत होता. पाव दोन्ही गालांत कोंबलेला. मध्येच काही तरी दाढेत अडकलं, तर बोट आत घातलं, नखाने काढलं, डोळ्यांसमोर धरून न्याहाळलं.

खाऊ नकोस, मी मनात म्हणाले. खाऊ नकोस ते.

त्याने खाल्लं.

शी, काय माणूस आहे, मला वाटलं. मेला तरी सुधारणार नाही. सगळ्या जगासमोर, खिडकीत बसून! शेजारच्या टेबलावरची बाई बघतेय त्याच्याकडे, तिला काय वाटत असेल? रुमाल समोर पडलाय तर मनगट कशाला? मी जर आत्ता तिथे असते ना... आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझ्या जिभेखाली काही नाही. जबडा मोकळा आहे. मी इतका वेळ एका तोंडाकडे बघत उभी आहे, चावणाऱ्या, गळणाऱ्या, उघड्या तोंडाकडे, आणि मला किळस येतेय, भरपूर येतेय, पण ती त्याची येतेय. हीच ती जुनी, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आलेली, रोज ताटावर बसून भांडलेली किळस. मला ती इतकी ओळखीची वाटली, की गर्दीत माहेरचं माणूस दिसावं तसे माझे डोळे भरून आले. फुटपाथवर उभं राहून नवऱ्याच्या दाढेतल्या मांसासाठी रडणारी बाई. हसावं की रडावं, तेच कळेना.

"आत जायचंय का?" काच पुसणाऱ्याने विचारलं. "ओळखीचं आहे कुणी?"

"नवरा आहे."

त्याने काचेतून वाकून पाहिलं. "तो हाडवाला?"

"तोच."

"मग जा की. नाहीतर संपवतील ते सगळं."

आत नवऱ्याने बशी दूर सारली होती, फक्त पावाचा एक तुकडा शिल्लक होता. त्याने शर्टाच्या खिशातून टूथब्रश काढला. त्याला टोपण घातलेलं होतं, म्हणजे रोजचाच असणार. मग लवंगांची डबी काढली. डबी आणि ब्रश शेजारी शेजारी ठेवून तो त्यांच्याकडे बघत बसला, आणि बघता बघता त्याचा चेहरा मिटायला लागला. गाल बसले, ओठ आत गेले, खांदे जरा खाली आले. तो घरी यायला निघाला होता. मला जो माणूस रोज दार उघडतो, तो इथे, या टेबलावर तयार होत होता, आणि हा हाडवाला रोज इथेच मागे राहत होता. मला एवढा संताप आला, की दार ढकलताना बॅग दारात अडकली आणि मी ती ओढून काढली.

त्याने शेवटचा तुकडा नुकता तोंडात टाकला होता. मला पाहिलं आणि तो थिजला. दोन्ही गाल फुगलेले, हनुवटी तुपकट. चोराच्या चेहऱ्यावरही एवढं भय नसतं. मग त्याचा हात आपोआप रुमालाकडे गेला, त्याने रुमाल तोंडाशी नेला आणि मान खाली घातली. माझ्यासाठी तो घास थुंकून टाकणार होता.

"थुंकू नकोस," मी म्हणाले.

रुमाल तोंडाजवळच थांबला.

"गीळ."

त्याने डोळ्यांनीच विचारलं, नक्की? मी मान हलवली. तो चावला, एकदा, दोनदा, ओठ घट्ट मिटून, आणि गिळला. घास घशातून खाली जाताना मला दिसला. मी नजर काढली नाही. समोरची खुर्ची ओढून बसले. त्याने तोंडावर हात धरला आणि हाताआडून म्हणाला, "मी रोज नाही येत इथे."

"रोज येतोस. ब्रशला टोपण आहे."

मग त्याला माझ्या खांद्यावरची बॅग दिसली. "ही कसली बॅग?"

"ताईकडे चालले होते. राहायला."

"किती दिवस?"

"परत न येण्यासाठी."

त्याचा चेहरा पांढरा पडला, पण हात तोंडावरून हलला नाही. मला दिसत होतं, की आत त्याची जुळवाजुळव चाललीय, रडू गिळतोय, शब्द गिळतोय, आणि आता ते वाक्य येणार. "तुझ्या ग—"

"हात काढ," मी म्हणाले. "तोंडावरचा हात काढ आणि ऐक. मी त्यांचं गिळलं होतं."

"कुणाचं?"

"टॉवेलवाल्यांचं. त्यांना ओकारी झाली ना, माझ्या तोंडात. सगळी थुंकता आली नाही मला. एक घोट गेला पोटात." शेजारच्या बाईने चमचा खाली ठेवला. मी आवाज बारीक केला नाही. "एवढंच आहे. अपराधी वगैरे काही नाही. दुःखही नाही फारसं. मला नुसती घाण वाटते. ते माझ्या आत आहे आणि मला घाण वाटते."

त्याने हात काढला. तोंड उघडं राहिलं होतं, दाढेजवळ पावाचा कण दिसत होता. तो काही तरी मऊ बोलेल म्हणून मी टेबलाची कड पकडून बसले. तसं बोलला असता तर मी उठले असते, आणि मग ताईच काय, कुणीही मला थांबवू शकलं नसतं.

"कसं लागलं?" त्याने विचारलं.

हे मला कुणीच विचारलं नव्हतं.

"कोमट," मी म्हणाले. "संत्र्यासारखं. आणि मागून अंडं. आणि मध्ये काही तरी कण कण होते, चावले न गेलेले. त्यांची कवळी नीट बसत नसणार."

त्याचं नाक वर चढलं. वरचा ओठ वळला, गाल आक्रसले, मान मागे गेली, खुर्चीसकट तो माझ्यापासून वीतभर मागे सरकला. "शी!" तो म्हणाला. मोठ्याने, पोटातून. "शी, शी, शी! अगं, काय हे!" त्याने समोरची बशी हाताच्या फटकाऱ्याने टेबलाच्या पार टोकाला ढकलली, हाड उलटं होऊन खाली पडलं, आणि तो माझ्याकडे असा चिडून बघायला लागला, जसं त्याने वर्षभर बघितलं नव्हतं.

"माझं जेवण घालवलंस तू," तो म्हणाला.

"घालवलं तर घालवलं," मी म्हणाले, आणि बॅग खांद्यावरून काढून टेबलाखाली ठेवली.